दादा घरीच आहे

३ मार्च
खोली मिळाली एकदाची. दुसरा मजला, खिडकीला लागून मेज, पुस्तकांना दोन फळ्या. देशोधडीला लागलेल्या लेखकांसाठी इथली एक संस्था अशी खोली वर्षभर देते. कादंबरीवर बंदी आली, पासपोर्ट रद्द झाला, त्याला सात महिने झाले. आज पहिल्यांदा दार लावून निवांत लिहायला बसलो. घरमालकीणबाईंनी पडदे स्वतः शिवलेत. भडक आहेत, पण झकास.

११ मार्च
इथं राहायच्या परवान्यासाठी कचेरीत चौथी फेरी. कारकून म्हणतो, तुमच्या वकिलातीकडून ओळखीचा दाखला आणा. म्हणजे ज्यांनी हाकललं त्यांनीच लिहून द्यायचं की हा आमचा. डोकं उठलंय. आठवडाभर एक ओळ धड उतरलेली नाही.

१९ मार्च
वकिलातीचं उत्तर आलं : सदर लेखक मायदेशी स्वतःच्या घरी राहत आहेत. हसूच आलं. बहिणीला फोन लावला. ती वैतागून म्हणाली, दादा रविवारीच परत आलाय, आत जेवतोय, त्याचा आवाज काढून आम्हाला छळू नका.

२२ मार्च
तिकडच्या वर्तमानपत्रात फोटो. माझा चष्मा, माझी वाकडी मान. खाली लेख, देशाची माफी मागणारा. मी जन्मात मागितली नसती. पण वाक्यं माझी आहेत. आठवडाभर मला न सुचलेली.

२५ मार्च
पुन्हा फोन. या वेळी आईनं घेतला. तिनं एकच विचारलं, लहानपणी मी तुला कोणत्या नावानं हाक मारायचे?
आठवेना. ओठांवर येईना.
तिच्यामागून कुणीतरी सांगितलं. माझ्याच आवाजात. आई खुदकन हसली आणि फोन ठेवला.

२८ मार्च
कारकून म्हणाला, सकाळीच तर येऊन अर्ज मागे घेतलात. सही दाखवली. माझीच.
आज सकाळी मी घराबाहेर पडलो नव्हतो.

२९ मार्च
शब्द जाताहेत. झाड ज्यात लावतात ती — मातीची — खिडकीत आहे, समोर. नाव नाही.
घरमालकीणबाई विचारतात, दुसरी किल्ली कशाला नेलीत?

३० मार्च, दुपार
जिन्यावर पावलं. खोकला माझाच.
कुलूप उघडलं. आत आलाय. चिडलेला नाही, उलट मायेनं बोलतोय. म्हणतो, फार दमलास, वही दे, पुढचं मी लिहितो.
देणार नाही. आधी नाव लिहून ठेवतो. ही वही माझी. माझं नाव —