तुम्ही सांगितलेला गोल

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मला फुटबॉल खेळणं सोडून अकरा. आता मी इथल्याच एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. जिना उतरताना डावा गुडघा वाजतो. शाळेतली मुलं विचारतात, सर, तुम्ही कुठल्या क्लबकडून खेळायचात? चौदा वर्षांत नऊ क्लब झाले, त्यातलं कुठलं नाव सांगू? मुंबई, गोवा, कोलकाता, केरळ, पंजाब, शेवटी मिझोराम. सगळीकडे एकेका वर्षाचा करार, कुठे फार तर दोनदा. संघातला मुख्य स्ट्रायकर जखमी झाला की मला उतरवायचे, तो बरा झाला की मी पुन्हा बाकावर. हंगाम संपला की बॅग भरायची. त्याबद्दल तक्रार नाही. खेळावर पोट भरणारे बहुतेक जण असेच असतात, फक्त त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

तुम्ही सातपूरच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होतात. खंडेनवमीला मशिनांची पूजा असायची तेव्हा आम्हाला घेऊन जायचात. एका वर्षी तुम्ही माझ्या दोन्ही हातांत एकेक शाफ्ट, यंत्रातला लोखंडी दांडा, दिलात. "यातला एक पास हाय, एक नाय. सांग कोणता." मी म्हणालो, दोन्ही सारखेच दिसतात. "दिसतात रे. पण नायत." तुम्ही मापाचं गेज न लावता, नुसतं उजेडाकडे धरून सांगत होतात, आणि शेजारच्या टेबलावरचे काका हसून म्हणाले होते, तुझ्या बापाच्या नजरेतून काही सुटत नाही. मशिनवर काम करणाऱ्या गावाकडच्या मित्राची शाफ्टची अख्खी पेटी तुम्ही परत पाठवलीत म्हणून तो वर्षभर बोलत नव्हता, हे मला पुढे कळलं.

ती नजर माझ्यावर पहिल्यांदा पडली ती नववीत. आंतरशालेय सामना होता, पहिली पाळी संपवून तुम्ही सायकलवरून थेट मैदानावर आला होतात, गणवेशातच. आम्ही जिंकलो, दोन्ही गोल माझे. सगळी कॉलनी पाठ थोपटत होती. घरी आई तव्यावर भाकरी टाकतेय, मी ताटावर बसलोय, आणि तुम्ही म्हणता, "तो उंच पोरगा आडवा आला तव्हा तू पाय आखडलास. बॉल तुझा व्हता."

"अहो, जिंकून आलाय तो. जेवू द्या की," आई म्हणाली.

"जेव की. मी दिसलं तेवढंच बोललो."

फुटबॉलमधलं तुम्हाला फारसं कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय हे तुम्ही शेवटपर्यंत मला विचारत होतात. पण मी खरंच घाबरलो होतो, आणि ते माझ्या सरांनासुद्धा दिसलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात तुम्ही मला पहिले खरे बूट आणलेत, एक नंबर मोठे, पुढे कापूस घालून वापर म्हणालात. त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलला नाहीत.

मग कोलकाता. तुम्ही रजा टाकून, नाशिकरोडला गाडीत बसून एवढा लांबचा प्रवास करून आलात, शेंगदाण्याचे लाडू आणि पिंपळगावची द्राक्षं घेऊन. द्राक्षं वाटेतच नासली होती. त्या हंगामात मी वाईट खेळत होतो. पाच सामने एकही गोल नाही, गॅलरीतून लोक माझ्या नावानं ओरडत. त्या दुपारी मी बाकावर होतो. उत्तरार्ध निम्मा झाल्यावर प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहून उठ म्हणून खूण केली. मी गॅलरीकडे पाहिलं. तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि थोडे पुढे झुकला होतात, तपासणीच्या टेबलावर झुकायचात तसे. मी मांडीला हात लावला आणि मान हलवली. शीर धरलीय, म्हणालो. त्यांनी दुसऱ्याला पाठवलं.

मांडीला काहीही झालं नव्हतं, अण्णा. परकी माणसं ओरडली तर मला चालत होतं, तुम्ही बघितलेलं चाललं नसतं.

सामना संपल्यावर मी तुमच्यासमोर लंगडत आलो. तुम्ही एवढंच विचारलंत, "लय दुखतं का?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी हावडा स्टेशनवर पोचायला आपल्याला उशीर झाला. गाडी सुटायला दोन-तीन मिनिटं होती आणि तुमचा डबा पार पुढच्या टोकाला. मी तुमची बॅग खांद्यावर टाकून गर्दीतून पळत सुटलो, बॅग डब्यात टाकली आणि वळलो, तर तुम्ही धापा टाकत येत होतात आणि माझ्या पायांकडे बघत होतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी लंगडायचं विसरलो होतो. तुम्ही चढलात, दाराशी उभे राहिलात. "तब्येतीला जप," म्हणालात. गाडी हलली.

त्यानंतर तीन वर्षांनी तुम्ही गेलात. मी पंजाबमध्ये होतो, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू भेटायला आल्या, तेव्हा आई त्यांना सांगायला लागली, "हे कोलकात्याला गेले व्हते ना, तव्हा यानं गोल मारला. कॉर्नरवरनं बॉल आला आन् यानं डोक्यानं मारला. आल्यावर आठ दिवस तेच सांगत व्हते." काकू म्हणाल्या, आम्हालाही सांगितलंय की. कारखान्यातही सगळ्यांना ठाऊक होतं. मी डोक्यानं आयुष्यात कधी धड खेळलो नाही, अण्णा. तुम्ही, मित्राचा शाफ्ट केसभर चुकला तरी परत पाठवणारे, माझ्यासाठी एक अख्खा गोल रचलात, आणि तोही खोट्या लंगडण्यावर. मी उठून न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो.

हे कागद मी शाळेतल्या कपाटात ठेवणार आहे. घरी ठेवले तर आईच्या हाती लागतील, आणि तिला हे कळायला नको. गेल्या रविवारी ती माझ्या मुलीला तोच गोल सांगत होती. आता त्यात शेवटचं मिनिट आलंय, उभी राहून टाळ्या वाजवणारी गॅलरी आलीय. मुलीनं माझ्याकडे वळून विचारलं, "बाबा, खरंच?"

मी हो म्हणालो. आणि कॉर्नर कोणी घेतला होता, तेही सांगितलं.