मास्तरांचं बोट

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, ता. ८ मार्च १९५४

चि. चिमणाबाई हिस त्र्यंबकमास्तरांचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरी आहोत. माईची कंबर धरलेलीच आहे, पण ती ते कबूल करत नाही आणि पाण्याचा हंडाही मला उचलू देत नाही. तुझी, कृष्णातची आणि वहिनींची खुशाली कळव. हे पत्र मुद्दाम पाकिटात घातलं आहे. कार्ड टाकलं तर पोस्टमनपासून पुजाऱ्यापर्यंत जोतिबाचा सगळा डोंगर ते वाचून काढतो. तू चौथी पास आहेस, तेव्हा स्वतः वाच. दादाला दाखवायचं की नाही ते मागाहून तू ठरव.

केंद्राचं बरं चाललं आहे. ‘नवोदित नट-नटी निवड व शिक्षण केंद्र’ ही आपली पाटी उन्हानं उडाली होती, ती गुंडू पेंटरकडून पुन्हा रंगवून घेतली. तालमीतल्या सयाजीला अखेर एका ऐतिहासिक चित्रात काम मिळालं. भाला घेऊन दरबाराच्या दाराशी उभं राहायचं आणि ‘महाराज, दूत आला आहे’ एवढंच म्हणायचं. दोन महिने माझ्यासमोर त्यानं ते वाक्य झोपेतून उठवलं तरी बिनचूक म्हटलं. स्टुडिओत दिवे लागले, आणि ‘महाराज’ म्हणून जो थांबला तो थांबलाच. शेवटी त्यांनी दूताला आपला आपण आत यायला लावलं. आपल्या केंद्रातून पडद्यावर गेलेला पहिला कलावंत मुका निघाला! पेढे मात्र त्यानं सगळ्या गल्लीला वाटले.

जयसिंगपूरच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा नवा येऊ लागला आहे. आरशासमोरून हलत नाही.

कृष्णातचं पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं. पण तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. या धंद्यात निवड न होणं ही रोजची गोष्ट आहे. कॅमेरा ही चीजच विचित्र, भल्याभल्यांना तो धार्जिणा नसतो. मलकापूरचं स्थळ चांगलं आहे असं कळतं. दादा-वहिनी तुझ्या भल्याचंच बघतील. त्यांचं ऐकावं, दुकानात लक्ष घालावं, म्हणजे मन रमेल. बाकी सर्व ठीक.

मंगळवार

काल एवढं लिहून पाकीट चिकटवायला माईकडे दिलं. चिकटवण्याआधी ती वाचते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. वाचून म्हणाली, “अहो, यात सयाजी आहे, माझी कंबर आहे, गुंडू पेंटरसुद्धा आहे. ती पोर तोंड झाकून का बसली, तेवढं नाही.” आणि पाकीट तसंच उघडं माझ्यापुढे ठेवून भाजी आणायला निघून गेली.

तेव्हा आता पुन्हा बसलो आहे.

कृष्णातनं काय लिहिलं होतं ते तुला कदाचित माहीत नसेल, म्हणून त्याच्याच शब्दांत देतो. “मास्तर, चिमणा दुकानावर बसत न्हाई. बसली तर पदर डोळ्यापतूर वडून बसती. मलकापूरचं पावणं बघायला आलतं, तर भाईर आलीच न्हाई. म्हणती, मास्तरांनी सांगितलंय, माझं त्वांड दाखवायजोगं न्हाई. तुमी चार शब्द लिवा. तुमचं ती ऐकती.”

तुमचं ती ऐकती! या तीन शब्दांनी माझी आठ दिवस झोप उडवली आहे. म्हणून जे घडलं ते सगळं लिहितो. मधे थांबलो तर पुन्हा सयाजीकडे वळेन.

गेल्या चैत्रातल्या यात्रेत मी तुला पहिल्यांदा ऐकलं. बघितलं नंतर, आधी ऐकलं. गुलालानं रस्ता दिसत नव्हता. मी तुमच्या दुकानापुढे खोबऱ्याची वाटी हातात घेऊन ती खवट आहे का हे नाकाशी धरून बघत होतो, तर आतून आवाज आला, “ओ पावणं, खोबरं घ्यायचं हाय का नुसतं हुंगायचं हाय? हुंगायला दवणा हाय की तिकडं!” आजूबाजूचे दहा लोक हसले, मीही हसलो, आणि नको असलेल्या दोन वाट्या घेतल्या. पंचवीस वर्षं, आधी नाटक कंपनीत आणि मग स्टुडिओत, नटांना संवाद शिकवण्यात घालवलेला माणूस मी. असा आवाज कानावर पडला की मला राहवत नाही. त्याच दिवशी कृष्णातला गाठून म्हणालो, तुझी बहीण माझ्याकडे दे, वर्षात तिला पडद्यावर आणतो. तो भला माणूस. त्यानं माईची चौकशी केली, आमच्या घरी येऊन जेवून गेला आणि तुला पाठवलं.

आणि मी काय केलं? जे ऐकून तुला आणलं, तेच आठ महिने घासून काढलं.

आपली रीत तुला आठवत असेलच. स्टुडिओत मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहायचो आणि नटाचा उच्चार चुकला की बोट वर करायचो. ओरडायचं नाही, नुसतं बोट. मग नट पहिल्यापासून वाक्य म्हणायचा. तीच रीत मी तुला लावली. ‘हाय’ म्हणालीस की बोट. ‘न्हाय’ म्हणालीस की बोट. पानावर बसून मीठ मागितलंस तरी बोट. माई एकदा चिडून म्हणाली, “अहो, पोरीला जेवू द्या आधी!” मी तिचंही ऐकलं नाही. मला वाटायचं, शुद्ध बोलल्याशिवाय नटी कसली? माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढंच येतं गं. दुसरं काही येत असतं तर दुसरं शिकवलं असतं.

दिवाळीला घरी जाऊन आलीस तेव्हा तू म्हणालीस, “मास्तर, घरी मी पाहुणी असल्यासारखी वाटते. वहिनी हसतात.” किती स्वच्छ म्हणालीस! तू काय सांगते आहेस ते माझ्या ध्यानातच आलं नाही. ‘पाहुणी’ मधला ‘हु’ कसा छान उमटला, ते ऐकून मी खूश झालो.

आता संक्रांतीनंतरची ती चाचणी. मुंबईचे दिग्दर्शक आले होते. शेळ्या राखणाऱ्या मुलीचं काम होतं, मुख्य काम. तुझी शेळी एकजण ओढून नेतो आणि तू त्याला अडवतेस, एवढाच प्रसंग. ते तुला म्हणाले, “बाई, कागदावरचं सोडा. तुम्हाला वाटेल तसं बोला.” तू पदर खोचलास. एक पाऊल पुढे टाकलंस. आणि म्हणालीस, “ए बाबा, सोड की माझी शेळी! कुनाच्या बापाची हाय व्हय?”

सगळा स्टुडिओ जागा झाला. दिवा धरून उभा असलेला माणूस हसला. मी कॅमेऱ्याच्या बाजूला होतो, आणि मी बोट वर केलं.

सवयीनं केलं, असं मी स्वतःला महिनाभर सांगत होतो. पहिल्यांदा सवयीनंच गेलं असेल. पण तुझी नजर माझ्याकडे वळली, आणि तरीही मी ते खाली घेतलं नाही. तू खोचलेला पदर काढलास. मग हात खाली सोडून म्हणालीस, “अहो, माझी शेळी सोडा. ती माझी आहे.” शेजारणीकडे विरजण मागायला गेल्यासारखी.

तुला बाहेर बसवल्यावर दिग्दर्शक मला काय म्हणाले, ते तुला ठाऊक नाही. ते असं म्हणाले, “मास्तर, मुलगी फार चांगली आहे. तिचे ते देवीचे वण तर मला हवेच आहेत, खरी डोंगरावरची वाटते. पण दुसरं वाक्य शाळेत कविता म्हणून दाखवल्यासारखं झालं. पहिलं कसं होतं! पुन्हा एकदा घेऊ या का, पहिल्यासारखं?”

मी म्हणालो, “नको. ती दमली आहे.”

तू दमली नव्हतीस. तू बाहेर बाकावर बसून पायानं ताल धरला होतास, मला दारातून दिसत होतं. खरं कारण लिहितो, म्हणजे माईपुढे पाकीट ठेवता येईल. पुन्हा घेतलं असतं तर तू निवडली गेली असतीस. पण ती जोतिबाच्या दुकानातली चिमणा निवडली गेली असती, मी घडवलेली नव्हे. मग माझे आठ महिने कशासाठी? पाटी कशासाठी? हे सगळ्या स्टुडिओसमोर उघडं पडलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. तुझ्या कामापेक्षा मला माझी मास्तरकी मोठी वाटली.

बाहेर आलो. कृष्णात टोपी हातात घेऊन उभा होता. तू विचारलंस, “माझं काय चुकलं?” मला काहीतरी बोलणं भाग होतं. तुझ्या बोलण्याचं नाव काढलं असतं तर बोट माझ्याकडे आलं असतं. चेहरा देवानं दिलेला, त्यात माझा काय दोष? म्हणून म्हणालो, “वण कॅमेऱ्यात फार दिसतात. चेहरा चालत नाही म्हणाले.” ते असं म्हणाले नव्हते. कोणीच म्हणालं नव्हतं.

तू त्या वेळी रडली नाहीस. नुसता पदर पुढे ओढलास. तो तू अजून सोडला नाहीस, हे कृष्णातच्या पत्रातून कळलं.

कृष्णातचं पत्र आल्या दिवशीच मी दिग्दर्शकांना सगळं कळवलं आणि तुला पुन्हा बोलावण्याची विनवणी केली. शनिवारी त्यांचं उत्तर आलं. दुसऱ्या मुलीला घेऊन काम सुरूही झालं आहे. तेव्हा ते गेलं. ते मी घालवलं, आणि ते परत आणणं माझ्या हातात नाही.

रविवारी सकाळच्या मोटारीनं मी डोंगरावर येतो आहे. तुझ्या दुकानापुढे उभा राहून दादाला आणि वहिनींना हे सगळं तोंडानं सांगेन. कृष्णात चिडेल, त्याला अडवू नकोस. तो म्हणाला तर मलकापूरच्या पाहुण्यांकडेही जाऊन सांगेन. त्यांना हो म्हणायचं की नाही, हे मात्र तुझं तू ठरव. त्यात माझा सल्ला घेऊ नकोस, कालच्या भागात दिला आहे तो खोडला असं समज. मी आल्यावर तुला बोलायचं नसेल तर आत बस. पण बाहेर बसलीस तर पदराशिवाय बस. तुझ्याकडे बघायला मला जड जाईल. ते जाऊ दे. मला तेवढं जड गेलंच पाहिजे.

आणि मला हवं ते बोल. मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची, की तू “या मास्तर, बसा, पाणी घ्या” असं स्वच्छ म्हणशील आणि मला कळेल की दुसरं काही तुझ्याकडे मी शिल्लकच ठेवलेलं नाही.

माई तुला आशीर्वाद सांगते. हे सगळं तिनं आत्ता वाचलं. आता पाकीट चिकटवायला डिंक घेऊन बसली आहे.

आपली चूक तुझ्या चेहऱ्यावर ढकलून मोकळा झालेला,
त्र्यंबक