तिची हजेरी

४ सप्टेंबर
लागले बाई एकदाची नोकरीला! पन्नाशीची बाई नव्याने कामावर जाते म्हटल्यावर जावेने नाक मुरडलं. मुरडू दे. ह्यांनी सकाळी स्वतः चहा केला आणि साखर घालायला विसरले. मी कौतुकाने प्यायले.

कंपनी भली मोठी आणि काम एकच, दुसऱ्या कंपन्यांचे पगार करायचे. कारखाने, दुकानं, दवाखाने, सगळ्यांच्या हजेऱ्या आणि रजा आमच्याकडे येतात. ज्यांचं तोंडही कधी बघणार नाही, त्यांचं आजारपण, बाळंतपण आम्हाला आधी कळतं. साहेबीण माझ्या भाचीच्या वयाची, पण गोड आहे, मला काकू म्हणते. डावीकडे एक गप्पिष्ट बसतो. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की आवरत नाही. उजवीकडची खुर्ची रिकामी आहे, तिथे मी पर्स ठेवते.

६ सप्टेंबर
आज शिकवणी. प्रत्येक नवख्याने एक खोटा कर्मचारी तयार करायचा आणि त्याच्यावर पगाराचा सराव करायचा. त्याला डमी म्हणतात. गप्पिष्टाच्या डमीचं नाव ‘आळशी झोपे’. हसून हसून पुरेवाट झाली. खरी माणसं आणि डमी एकाच सिस्टीममध्ये असतात, फरक काय तो नावापुढच्या खुणेचा. म्हणून साहेबिणीने बजावलं की खऱ्या माणसाचं नाव घालू नका, घोळ होतो.

मी चिंगीचं नाव घातलं. शाळेतलं, पूर्ण, जन्मतारखेसकट. माझी लेक सहा वर्षांची असताना तापाने गेली. आज असती तर नोकरीच्याच वयाची असती. जी नाहीच, तिचा कसला घोळ होणार? इतक्या वर्षांनी तिचं नाव कुठेतरी लिहिलं आणि फार बरं वाटलं. घरी तर नाव काढायची सोय नाही, ह्यांचा घास अडकतो.

११ सप्टेंबर
चिंगीची हजेरी लागलीय. दारात कार्ड लावल्यावर आमची लागते तशीच. सकाळी आली, संध्याकाळी गेली, सगळं रीतसर. मी गप्पिष्टाला धारेवर धरलं. असली थट्टा मला खपत नाही, म्हटलं. त्याने आईची शपथ घेतली. माझा चेहरा बघून त्याने पाणी आणून दिलं.

१५ सप्टेंबर
रोज लागते. पत्ता मी खोटा घातला होता, आता तिथे आमच्या घरचा आहे. आज पर्स ठेवताना उजवीकडच्या खुर्चीला हात लागला. खुर्ची गरम होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

घरी आले तर हे दारातच उभे. एका मुलीचा फोन आला होता म्हणे. बाबा, जेवलात का, असं विचारलं तिने. सांगताना हे ढसाढसा रडले आणि मग हसले. आता फोन उशाशी घेऊन बसलेत. मी काय केलंय ते सांगायचा धीर होत नाही.

१९ सप्टेंबर
तिचा रजेचा अर्ज आलाय. कारण, ताप. मंजुरी मीच द्यायची, कारण डमी माझी. दिली. आणि मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडात पदर कोंबला.

२० सप्टेंबर
पुन्हा अर्ज. पुन्हा ताप.
ह्यांना फोन आला होता. आवाज बारीक झालाय म्हणाले, लहान पोरीसारखा. आई कधी येणार, विचारत होती. तेव्हाही तापात हेच विचारायची, मी उशाशी असताना.

२२ सप्टेंबर
साहेबिणीने सांगितलं, उद्या खरे पगार. त्याआधी सगळ्या डमी उडवा. गप्पिष्टाने आळशी झोप्यांना हसत हसत उडवलं. सिस्टीम कारण विचारते. राजीनामा, बदली, मृत्यू. आपण मृत्यूच टाकायचा काकू, म्हणाला, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत.

नाही टाकणार. एकदा माझ्या हातात गेलीय ती. पुन्हा नाही.

तिच्या नावापुढची डमीची खूण काढायला गेले, म्हणजे ती खऱ्या माणसांत जाईल. सिस्टीम अडली. डमी ज्याच्या नावावर, त्याच्या वाट्याला खरी जागा एकच, आणि ती भरलेली. म्हणजे माझी.

डमीची खूण माझ्या नावापुढे लावली. तिची निघाली.

२३ सप्टेंबर
कार्ड चालेना. कुणामागून तरी आत शिरले. मला कुणी हटकलं नाही, कुणी बघितलंच नाही—

उजवीकडे ती बसली होती. माझी चिंगी! केवढी उंच झालीय. नाक अगदी ह्यांचं. ताप नाही, काही नाही, गप्पिष्टाच्या बोलण्यावर खळखळून हसत होती. मी तिथेच उभी राहून डोळे भरून बघत राहिले.

साहेबीण उरलेली एक डमी उडवत होती. हे नाव कुणी ठेवलं, म्हणून हसली. कारण निवडलं—

२४ सप्टेंबर
किल्ली लागत नाही. बेल वाजवली. दार तिने उघडलं.

कोण हवंय, काकू, म्हणाली.

पाणी मागितलं. आणून दिलं. घरात कोण कोण असतं, विचारलं. मी आणि बाबा, म्हणाली. आई लहानपणीच गेली. चेहरासुद्धा आठवत नाही. एवढं सांगून माझ्याकडे जरा बघत राहिली. आणि म्हणाली, बसा इथेच, बाबांना बोलावते.

जिन्याच्या पायरीवर बसून लिहितेय. जायला हवं. उठवत नाही. एकदा आई म्हणाली असती तर—

ह्यांची पावलं. आतून येतायत. त्यांनी मला ओळखलं, तर मी पुन्हा खऱ्यांत, आणि तिची जागा जाईल— नाही, नकोच. पण नाही ओळखलं तर मी कुणाची—

कडी काढली. हे बघतायत माझ्याकडे. ओठ हलले, माझं नाव घेतायत—