साबणावरची आई

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, नवं काम कसं चाललंय, आणि मी झकास म्हणून विषय बदलला. झकास कसलं, मला त्या कामाची शिसारी आली आहे. खरं सांगायचं तर माझीच.

साबण पुरवणारा एक छोटा व्यापारी आहे. त्याच्याकडे साबणाच्या फरशीएवढ्या लाद्या बाहेरून येतात, मशीन त्यांच्या वड्या पाडतं आणि दोन बायका सुरीने कोपरे वाकडे करत बसतात, वड्या हातच्या वाटाव्यात म्हणून. त्याला माहितीपत्रकं, खोके आणि ऑनलाइन दुकान हवं होतं. माझे डिझाइनचे सहा नमुने त्याने नाक मुरडून परत केले. सातव्यात मी आईचा फोटो चिकटवला, नुसता जागा भरायला. खरा फोटो येईपर्यंत आम्ही असं काहीबाही लावतोच. तू काढलेला तो, धुणं धुताना, हात फेसाने भरलेले आणि ती तुझ्याकडे बघून हसतेय. साबणवाला खुर्चीतून उठलाच. म्हणाला, अहो, हीच आजी पाहिजे! ही माझी आई आहे, जाऊन दीड वर्षही झालं नाही, एवढं म्हणायला काय झालं होतं मला? पण सातवा नकार नको होता, बस.

मग काय, कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलं! पणजीपासून चालत आलेली कृती वगैरे भाकडकथा मीच लिहिली. आईला वासाच्या साबणाने शिंकांवर शिंका यायच्या, आणि आता गुलाब काय, लिंबू काय, सगळ्या खोक्यांवर ती हसत असते. लोक तिला निरोप लिहितात. आजी, तुमचे हात पाहून डोळे भरून आले म्हणे. त्यांना आजी होऊन उत्तरं देणारा निर्लज्ज मीच. पुढे त्याचाही कंटाळा आला, तेव्हा एकच ठरीव उत्तर आपोआप जाईल अशी सोय करून टाकली.

काल साबणवाला खुशीत होता. एक गिऱ्हाईक दर आठवड्याला एकच वडी मागवतं, त्याला जाहिरातीत घेऊ म्हणाला. मी यादी उघडली. पत्ता तुझ्या घरचा, नाव बाबांचं. सूचनांच्या चौकटीत दर वेळी तेच लिहिलंय: खोका दाबू नये, चेहऱ्यावर घडी पडते. आणि दर वेळी त्यांना आईच्या फोटोखालून माझं उत्तर गेलंय: बाळा, आजीचा तुला आशीर्वाद. तू घरात नसताना ते खोके येत असणार, ताई, नाहीतर तू मला विचारलंच असतंस. आईचा फोटो तिथे कसा, हे त्यांनीही मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही.

आज सकाळी मी काम सोडलं आणि सोडण्याआधी दुकानातून फोटो काढून टाकला. साबणवाल्याला खरं काय ते सांगितलं, त्याने शिव्या घातल्या, त्या मला कमीच वाटल्या. हे पत्र एवढ्यासाठी, की आज-उद्या बाबा मोबाइल घेऊन तुझ्याकडे येतील आणि हा बिघडलाय, दुकानात ती दिसत नाही, असं म्हणतील. त्यांना सांग, मोबाइल ठीक आहे, हे धाकट्याने केलंय. आधीचंही त्यानेच केलं होतं. रविवारी मी येतोय. ते दार उघडणार नाहीत, तर तूही उघडू नकोस, मी बाहेर पायरीवर बसेन.

तुझाच,
धाकटा