मोहरचा धनुर्वात

३ मे
कळसला सोपानतात्यांकडं. त्यांची घोडी मोहर. आसपासच्या गावांतले नवरदेव हिच्याच पाठीवर बसून वरातीला निघतात. "वैरण तोंडात धरती, पर चावंना," तात्या म्हणाले. पाय लाकडासारखे, कान ताठ, शेपूट उचललेली. मी बादली टेकवली तेवढ्या आवाजानं अंग थरथरलं. धनुर्वात. पुढच्या खुरात खिळा गेल्याची जखम, वरून बुजलेली. लस कधीच नाही.
"माणसाला देत्यात ती? घोड्याला बी असती व्हय?"
असते, म्हटलं.
खूर उघडून पू काढला, धुतलं. पेनिसिलिन, गुंगीचं इंजेक्शन. धनुर्वाताचं सीरम बारामतीत मिळालं, ते तिला नि तिच्या शिंगराला, दोघांनाही.

४ मे
तात्यांच्या बायकोनं, भामाकाकूंनी, गोठ्याला पोती लावून अंधार केलाय. मोहरच्या कानात कापूस. घरातलं बोलणं बंद, भांडीसुद्धा मागच्या अंगणात घासतात.
पण शिंगरू आईसाठी खिंकाळतं आणि प्रत्येक हाकेला तिला झटका. शेवटी मीच सांगितलं, त्याला मळ्यात न्या. तात्यांनी दावं हातात घेतलं नि उभेच राहिले. काकूंनी नेलं. ते वळून वळून बघत होतं.

५ मे
जबडा घट्टच. नळीनं पेज.
नवं संकट: दोन घरं सोडून मारुतीरावांकडं लग्न, परवा वरात. डीजे सांगितलेला. तात्या विनवायला गेले. मारुतीराव म्हणाले, "पोराचं लगीन एकदाच व्हतंय, तात्या. घोडं दुसरं मिळंल." तात्या येऊन पाण्याच्या टाकीजवळ बसले. मला म्हणाले, "त्यांचं बी खरं हाय."

७ मे
दुपारपासून मी गोठ्यातच होते. गुंगीचं इंजेक्शन तयार ठेवलेलं. लांबून डीजे ऐकू आला. मग कोपऱ्यावर एकदम बंद.
पोत्याच्या फटीतून बघितलं. नवरदेव, मारुतीरावांचा आकाश, बाशिंग बांधून पायी चाललेला. मागं सगळं वऱ्हाड, चपला हातात. कुणी बोलेना, फक्त बांगड्यांचा आवाज. काकू नंतर म्हणाल्या, आकाशच बापाला म्हणाला, "माझ्या दोन्ही भावांना तिनंच न्हेलंय. हितनं गप जायचं." मारुतीराव सगळ्यात मागं, मान खाली.
मोहरचे कान हलले नाहीत. मला रडू आवरेना. वाटलं, आता ही उठेल यातून. नोंद ठेवते: मला खरंच तसं वाटलं.

८ मे
सकाळी आडवी झाली. दोऱ्या लावून उठवायला बघितलं, नाही जमलं. श्वासाचे स्नायूच आखडले. तात्यांच्या मांडीवर डोकं होतं.
"काल आख्खा गाव गप झाला की मॅडम. मग?"
सीरम उशिरा गेलं, विष आधीच आत भिनलं होतं, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी ऐकलं नसावं.
मळ्याच्या बांधाला खड्डा घेतला. मारुतीराव आले होते. तात्यांच्या शेजारी नुसते उभे.

९ मे
पळसदेवला म्हशीची डिलिव्हरी. सुखरूप. मालकानं पेढा दिला, गाडीतच राहिला.

११ मे
शिंगरू परत गोठ्यात आणलंय, पण बाटली धरत नाही. शेळीचं दूध, कोमट, थोडं थोडं, सारखं सारखं, हे काकूंना परत सांगितलं. बरगड्या दिसायला लागल्यात. तात्या गोठ्याकडं फिरकत नाहीत.
त्यांना म्हटलं, आईमागं शिंगरं खचतात, जवळ बसा, बोला त्याच्याशी, माणसाचा आवाज ऐकू द्या.
तात्या म्हणाले, "मोहरंला आवाज सोसत न्हवता म्हणून आमी दोघं घरात बोलायचंच सोडलं व्हतं. आता त्वांड उघडतो, तर सुचतच न्हाय काय."
तरी उठले. आत जाऊन खाली बसले. मी दाराशीच थांबले. बोलले काहीच नाहीत. शिंगरानं त्यांचा सदरा हुंगला, बाटली तोंडात घेतली, दोन घोट, आणि मान फिरवली.
तात्यांनी बाटली तशीच धरून ठेवली होती. मी निघाले तेव्हाही.