ताईचा टाक

३ फेब्रुवारी १९४४, सातारा
सांगलीहून मेहुणे गंगाधरराव आले होते, त्यांच्या आईला घेऊन, मला मागणी घालायला. चारूताई जाऊन वर्षही झालं नाही! त्यांच्या आईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि डोळ्यांना पदर लावला. "अगदी आमची चारू!" मी चारू नाही, विनोदिनी आहे. मनातच म्हटलं आणि कपबशा उचलून आत गेले.
आमची आई म्हणते, परकी आणली तर ताईच्या तान्ह्याचं काय?

५ फेब्रुवारी
गंगाधररावांच्या आई जाताना टाक ठेवून गेल्यात. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईची आकृती. म्हणे ही ताई. दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मग आपण नेसायचं. म्हणजे मी सवत! सख्ख्या बहिणीची!
लग्नात माझं नावही चारुशीलाच ठेवणार. "घराला सवय आहे."

६ फेब्रुवारी
भांडी घासताना बनाबाई म्हणाली, "थोरल्या ताईसाब परसात दिसत्यात मला. लेकरासाठनं जीव अडाकलाय." खोटारडी मेली! तरी दिवसभर परसात पाऊल टाकलं नाही.

८ फेब्रुवारी
वेणी घालताना आरशात मागे ताई. किंकाळीच फुटली! वळून बघते तर आमची धाकटी, क्षमा — रिबीन मागायला आलेली. "सांगलीला तुला मोठं कपाट मिळणार ना गं?" धपाटा घातला तिला.
मग एकटीच हसले. हसणं ताईचं वाटलं. आता हसायलाही भीती वाटते.

१२ फेब्रुवारी
सांगितलं! वडिलांसमोर, नानांसमोर, उभी राहिले. म्हटलं, मी लग्न करणार नाही, मॅट्रिकला बसणार. आई कडाडली — "पुस्तकांनी डोकं फिरलंय हिचं!" म्हटलं, फिरलं असेल, पण माझं आहे.
मग नाना म्हणाले, "बरं. जबरदस्ती नाही."
सुटले! सुटले! शाळेत जाताना ताईची फार आठवण आली. तिला तरी कुणी विचारलं होतं?

१५ फेब्रुवारी
नाना सांगलीला जाऊन आले. क्षमाला देणार!! तिला नुकतंच चौदावं पूर्ण झालं. "कायद्यात बसतं," म्हणाले, आणि पान लावत बसले.

१६ फेब्रुवारी
नानांना सांगून आले — मी तयार आहे.
क्षमा रडून लाल झालीय. माझ्याशी बोलत नाही. एवढंच म्हणाली, "माझं लग्न मोडलंस तू!"