अकरा ते तीन

५ फेब्रुवारी
नाक कापलं गेलं! भर दुपारी, डोक्यावर लख्ख ऊन, गच्चीवर माझी नवी कोरी सोलर पॅनेल्स — आणि घरातले पंखे बंद! गल्लीची वीज गेली, तशी माझीही गेली. आठवडाभर मी गल्लीभर सांगत हिंडत होतो, आता आपल्याकडे वीज गेल्याचं कळणारसुद्धा नाही म्हणून.

वायरमनला फोन केला. "काका, बाहेरची लाइन गेली की ही सिस्टिम आपोआप बंद होते. नाहीतर खांबावर काम करणाऱ्याला शॉक बसेल. बॅटरी नको म्हणालात ना तुम्ही?" म्हणालो होतो. चांगलं ठणकावून.

घरात माणसं दोन — वर ताई, खाली मी — आणि दोघांत मिळून शहाणपण एकाचंच, तेही वर. ताई जिन्यातच बसून हसली. हसता हसता धाप लागली. मला हसण्याची शिक्षा!

१२ फेब्रुवारी
बॅटरी बसली. आता दिवसाचं ऊन साठवायचं, लाइन गेली की वापरायचं. ऊन किती, खर्च किती, बॅटरी किती टक्के — सगळं मोबाइलवर दिसतं. मी दिवसातून चाळीस वेळा बघतो. नोकरीत एवढं लक्ष घातलं असतं तर साहेब होऊन निवृत्त झालो असतो.

१४ फेब्रुवारी
संध्याकाळी वीज गेली! अख्ख्या गल्लीत दिवा फक्त आमच्याकडे. उगाचच तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो, कोणी विचारतंय का बघायला. कोणी विचारलं नाही.

पण चार तासांत बॅटरी तळाला! कपडे धुवायचं मशीन मीच लावलं होतं, ते सोडा. नियम लिहून फ्रिजवर डकवला: जास्त वीज खाणारं काहीही अकरा ते तीनच, थेट उन्हावर. बॅटरीला हात लावायचा नाही. ताई म्हणाली, "वीजमंत्री, इस्त्री तरी करू का?" घड्याळ बघून म्हणालो, "उद्या."

१९ फेब्रुवारी
ताईची मैत्रीण एक चाकांची पेटी वर चढवून गेली. दोघी सहलीला निघाल्या असणार. मला कोण विचारतंय!

२३ फेब्रुवारी
घरात चोर! रोज बारा ते तीन मी वाचनालयात, आणि नेमके तेव्हाच तीनशे वॅट कुठेतरी जातात. फ्रिज नाही, पंप नाही. मागच्या भिंतीवरची एकेक वायर बोटाने चाचपली. शेजारीण खिडकीतून बघत होती. काय समजली असेल कोण जाणे.

२५ फेब्रुवारी
वायरमन येऊन बघून गेला. "चोरी कसली, काका! वरच्या खोलीतल्या प्लगवर चाललंय."

म्हणजे ताई! पाठ शेकायला काहीतरी आणलं असणार गुपचूप. रोज सकाळी पॅनेल्स पुसायला मी तिच्या दारावरूनच गच्चीवर जातो. "उठलीस का?" ओरडतो आणि पुढे. कधी आत डोकावलो असतो तर वायरमन बोलवावा लागला नसता.

उद्या रंगेहाथ पकडणार. भाषण तयार आहे. आरशासमोर म्हणूनही बघितलं — बरं जमतंय.

२६ फेब्रुवारी
दोनलाच परतलो. चपला खाली काढून वर गेलो. ताई पलंगावर बसलेली, नाकात नळी. शेजारी ती चाकांची पेटी — ऑक्सिजनचं यंत्र. उशाशी डॉक्टरांची चिठ्ठी: रोज किमान पंधरा तास.



तिने आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अरे, तीन नाही वाजले अजून," म्हणाली. "उन्हावरच चालवतेय मी."